स्टेपनी गेली, पिवळा दिवा आला

आजचा भाग सुरू होतो म्हाप्रळच्या चढावर. फेब्रुवारीत आम्ही वेळासला कासवं बघायला निघालो होतो. लोणेरे फाट्याला वळलो, गोरेगाव, आंबेत करत सावित्रीची खाडी ओलांडली आणि मंडणगडचा चढ लागला, तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं चित्र, मधे उद्गारचिन्ह. उतरून बघितलं तर चारही टायर सारखेच दिसले. मग मी एक शहाणपणा केला. रीसेटचं बटण दाबून धरलं. दिवा गेला. आईला सांगितलं, "काही नाही गं, सेन्सरचा घोळ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावरून परत आलो तर मागचं डावं चाक जवळपास बसलेलं. डिकीतलं खालचं झाकण उचललं. तिथे एक छोटा पंप आणि एक बाटली. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका बघत होते. म्हणाले, "अहो, स्टेपनी नाय? मग गाडी कसली घेतलीत?"

आता बघा, हा 'स्टेपनी' शब्द आपण इतका घरचा केलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचं. रस्त्यात पंक्चर झालं की तिथेच बसून टायर काढायचा. १९०४ च्या सुमाराला या भावांनी आरे नसलेली एक रिम बनवली. तिच्यावर हवा भरलेला टायर असायचा आणि ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून आवळून बसवायची. लंडनच्या टॅक्सींवर ती दिसू लागली. पुढे काढता येणारी पूर्ण चाकं आली आणि स्टेपनी कंपनीचा माल मागे पडला. तरी त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे मंडणगडच्या पंक्चरवाल्याच्याही तोंडी राहिलं.

दिव्याची गोष्ट मात्र वाईट प्रसंगातून आली. टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये होती, पण ते श्रीमंतांचं कौतुक. सामान्य गाडीत ती आली अमेरिकेतल्या फोर्ड-फायरस्टोन प्रकरणामुळे. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर धावताना सुटायचा आणि गाडी उलटायची. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा गरम राज्यांत हे जास्त झालं. फोर्डने या टायरांत २६ पीएसआय हवा सांगितली होती, फायरस्टोन नंतर म्हणू लागली ३० भरा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. अमेरिकी सरकारच्या मोजणीत मृतांचा आकडा पुढे २७१ वर गेला.

नोव्हेंबर २००० मध्ये ट्रेड कायदा झाला. त्यात टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा गाडीने द्यावा असं आलं. आणि इथे खरी भांडणं सुरू झाली. स्वस्त पद्धत एबीएसच्या सेन्सरवर चालते. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो आणि ते इतरांपेक्षा जास्त फेरे मारतं. गाडी फेरे मोजते, हवा मोजत नाही. चारही टायर सारखेच उतरले तर त्या वेळच्या अशा यंत्रणेला काहीच कळायचं नाही. महाग पद्धतीत प्रत्येक चाकात बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो. सरकारने आधी दोन्ही चालतील असा नियम केला. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या आणि २००३ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. नव्या नियमात चारही चाकांवर लक्ष हवं आणि हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागायला हवा असं ठरलं. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या छोट्या गाड्यांना ते लागू झालं.

आपल्याकडे हाच दिवा वेगळ्याच दाराने आला. २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत हा इशारा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून हे लागू झालं. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला जागा मिळेल, असं एक कारण दिलं होतं. हिशेब कागदावर बरोबर आहे: आधी कळलं तर चाक बदलायची वेळ येणार नाही. पण आधी कळल्यावर माणूस काय करेल, हे त्यात धरलेलं नाही.

मी काय केलं ते सांगितलंच. माझी गाडी फेरे मोजणारी. हवा न भरता रीसेट दाबलं म्हणजे मी तिला सांगितलं, "हे असंच बरोबर आहे, लक्षात ठेव." तिने ठेवलं. म्हणून वेळासपर्यंत दिवा गप्प.

किटमधल्या पंपाने हवा भरली, बाटली वापरली नाही. वाटेत दोनदा थांबून पुन्हा भरली. आई मागे बसून प्रत्येक वळणाला "हळू" म्हणत होती. मंडणगडला पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले, खिळा निघाला. तो म्हणाला, "दिवा काल लागला होता ना? मग काल माझ्याच दुकानावरनं गेलात की!" मी बटणाचं सांगितलं. तो हसला नाही. दारातल्या पट्टीवर लिहिलेली हवा वाचून त्याने थंड झालेल्या चारही चाकांत ती भरली आणि मग म्हणाला, "आता दाबा बटण."

त्याच मापाचं एक जुनं चाक मी नंतर शोधून घेतलं. ते खालच्या खणात बसत नाही. डिकीत सामानाच्या जागी उभं असतं, आणि पिशव्या मागच्या सीटवर आईच्या पायाशी जातात. ती त्याबद्दल काही बोलत नाही.