हायड्रोजन, कार्बन आणि फुगलेले आकडे

हायड्रोजन वजनाला हलका, पण जागा खाणारा वायू आहे. मोटारीतून न्यायचा तर तो प्रचंड दाबाने कोंबावा लागतो किंवा उणे 253 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूपात ठेवावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर तो धरून ठेवणे. नारळाच्या करवंटीचा कोळसा अतिशीत अवस्थेत वायू भराभर शोषतो, हे जेम्स ड्यूअर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये दाखवले होते.

1991 मध्ये जपानमधील सुमिओ इइजिमा यांनी कार्बन नॅनोट्यूबचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या जुन्या कल्पनेने उचल खाल्ली. 1997 मध्ये कोलोरॅडोतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या डिलन, हेबेन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये अंदाज मांडला, की एकपदरी नॅनोट्यूबमध्ये वजनाच्या 5 ते 10 टक्के हायड्रोजन मावेल. मेख अशी, की तपासलेल्या काजळीत नॅनोट्यूब एक टक्काही नव्हत्या. उरलेला आकडा गणिताने काढलेला होता. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून ग्राफाइटच्या नॅनोतंतूंसाठी 67 टक्क्यांपर्यंतचा दावा आला, तर 1999 मध्ये सिंगापूरहून लिथियमयुक्त नॅनोट्यूबसाठी 20 टक्क्यांचा.

पडताळणीत हे आकडे टिकले नाहीत. मिशिगन विद्यापीठाच्या राल्फ यांग यांनी कोरडा हायड्रोजन वापरला, तेव्हा सिंगापूरचा आकडा कोसळला. वजन वाढवत होता तो मुख्यतः वायूतला ओलावा. स्टुटगार्टमध्ये हिर्शर यांच्या गटाला वेगळाच चोर सापडला. नॅनोट्यूब श्राव्यातीत ध्वनिलहरींनी आम्लात घुसळताना यंत्राच्या टायटेनियम मिश्रधातूच्या दांड्याचे कण झिजून नमुन्यात उतरत आणि हायड्रोजन तेच शोषत. दांडा पोलादी घेतला, की साठवण जवळजवळ दिसेनाशी होई. 2001 मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधकांना सामान्य तापमानाला, सुमारे 35 वातावरण दाबाखाली, 0.1 टक्काही हायड्रोजन मिळाला नाही.

कारण साधे आहे. हायड्रोजनचे रेणू कार्बनला फार क्षीण आकर्षणाने चिकटतात. नेहमीच्या तापमानाची हालचालही त्यांना सुटे करायला पुरते. द्रव नायट्रोजनच्या उणे 196 अंशांना मात्र कार्बनच्या ग्रॅममागे दर 500 चौरस मीटर पृष्ठभागाला साधारण एक टक्का साठवण मिळते. तिथे नळीच्या आकाराला फारसे महत्त्व नसते; चांगला सक्रिय कोळसाही तेच काम करतो.

या शोधात भारतही होता: मुंबईत पवईच्या आयआयटीत कापरापासून नॅनोट्यूब बनवल्या गेल्या, तेलबिया आणि तंतुमय वनस्पतींपासून केलेल्या कार्बनची साठवणही तपासली गेली. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2006 मध्ये शुद्ध एकपदरी नॅनोट्यूबवरचे वाहनांसाठीचे काम थांबवले. तेव्हापासून संशोधकांचा भर नळ्यांऐवजी छिद्रांचा आकार आणि धातूंची जोड यांवर आहे.