'श्वास', ऑस्कर आणि 2005 चा प्रायश्चित्तकाळ

2005 सालच्या प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार 27 फेब्रुवारीला आला होता. त्या दिवशी रोममधील जेमेल्ली रुग्णालयाच्या खिडकीत पोप जॉन पॉल दुसरे काही क्षण दिसले. तीनच दिवसांपूर्वी, श्वास घेणे सुलभ व्हावे म्हणून, त्यांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविण्यात आली होती. त्यांचा संदेश संत पेत्राच्या चौकात दुसऱ्यांनी वाचून दाखविला आणि पोपमहोदयांनी केवळ हात उंचावला. त्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सोमवार उजाडल्यावर, लॉस एंजेलिसला 77 वा ऑस्कर पारितोषिक समारंभ झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे तेव्हा आम्हांला मुळीच वाटले नव्हते. तो आम्हांला उमगला दोन-अडीच महिन्यांनी, वेल्हे तालुक्यातील पासली या गावी.

त्या वर्षी मराठी घरांतून ऑस्करविषयी पूर्वी कधी नव्हती एवढी चर्चा चालू होती. संदीप सावंत यांच्या 'श्वास' या पहिल्याच चित्रपटाला 2004 मध्ये राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. मराठी चित्रपटाला हा मान आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'नंतर, म्हणजे पन्नास वर्षांनी, लाभत होता. पुढे भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून 'श्वास' ऑस्करला धाडण्यात आला. अमेरिकेत प्रचार करायला पैसा हवा होता आणि निर्मात्यांपाशी तो नव्हता. तेव्हा लोकांनी वर्गण्या केल्या; शाळकरी मुलांनीही हातभार लावला. तथापि अखेरच्या पाच चित्रपटांत 'श्वास'चे नाव आले नाही. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जो तो म्हणू लागला की, हॉलिवूडला आपल्या माणसांचे दुःख कळत नाही.

कॅथॉलिक कुटुंबांत आणखी एक नाराजी होती. 2004 च्या प्रायश्चित्तकाळात जगभर गर्दी खेचणाऱ्या 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट'ला छायाचित्रण, संगीत व रंगभूषा एवढीच तीन नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकही नाही. प्रभूलाच हॉलिवूडने डावलले, असे तावातावाने बोलले गेले. आम्हांला हा आक्षेप तेव्हाही लंगडा वाटला. प्रभूच्या दुःखसहनाला बाहुलीची गरज नाही.

हॉलिवूडच्या नीतिमत्तेविषयीची ही तक्रार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात आपली ख्रिस्तसभा केवळ प्रेक्षक नव्हती. 1930 साली अमेरिकन चित्रपटांसाठी जी आचारसंहिता तयार झाली, तिचा मसुदा डॅनिएल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी मार्टिन क्विग्ली या कॅथॉलिक प्रकाशकासह तयार केला होता. 1934 मध्ये 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संघटना उभी राहिली आणि अनिष्ट चित्रपट न पाहण्याची शपथ चर्चमधून घेतली जाऊ लागली. 1936 साली पोप पायस अकरावे यांनी 'विजिलान्ती कुरा' या परिपत्राद्वारे त्या चळवळीचे कौतुक केले. 1945 मध्ये तर 'गोइंग माय वे' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्याचा नायक एक तरुण फादर, आणि तो गातोही उत्तम! (आमच्या गाण्याविषयी आमच्या गायकवृंदाला विचारावे.) 1968 साली ती संहिता गेली. तिच्या पोटी पुष्कळ ढोंग वाढले होते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. 'श्यामची आई' निघाली ती याच काळात, आणि तिला कोणाच्याही संहितेची गरज पडली नाही.

आता 2005 च्या त्या रात्रीकडे वळू. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला क्लिंट ईस्टवूड यांचा 'मिलियन डॉलर बेबी'. मुष्टियुद्ध खेळणारी एक तरुणी मानेखाली लुळी पडते, तिच्या अंगाला जखमा होतात, एक पाय कापावा लागतो आणि ती आपल्या वृद्ध प्रशिक्षकाजवळ मरण मागते. तो ते देतो. परकीय भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला स्पेनचा 'मार आदेन्त्रो'. हा रामोन साम्पेद्रो या खऱ्याखुऱ्या माणसावर आधारलेला. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेल्या रामोनला न्यायालयाने मरणाची मुभा नाकारली; 1998 मध्ये इतरांच्या साह्याने त्याने आपले जीवन संपविले. एकाच रात्री दोन सर्वोच्च पारितोषिके अशा दोन कथांना मिळाली, की ज्यांत लुळ्या देहाची सुटका मरणात आहे. अमेरिकेतील अपंगांच्या संघटनांनी 'मिलियन डॉलर बेबी'चा निषेध केला. कॅथॉलिक समीक्षकांनीही केला. जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या 'एव्हांजेलिउम विताए' या परिपत्रात दयामरण हे ईश्वराच्या नियमाचे गंभीर उल्लंघन असल्याचे निःसंदिग्ध सांगितले होते. निष्फळ व अतिरेकी उपचार थांबविणे ही बाब वेगळी, हेही त्यातच नमूद आहे.

पुढे आम्ही हे दोन्ही चित्रपट पाहिले. निषेध योग्यच होता, असे आमचे मत झाले. परंतु आमची झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने. दोन्ही चित्रपटांत एक धर्मगुरू आहे. अमेरिकन चित्रपटातील फादर रोज मिस्सेला येणाऱ्या त्या प्रशिक्षकाच्या प्रश्नांना वैतागलेला असतो. शेवटच्या संकटात, तू हे केलेस तर स्वतःलाच कायमचा हरवशील, असे तो कळकळीने बजावतो. परंतु त्या मुलीच्या खाटेजवळ जाऊन बसत नाही. स्पॅनिश चित्रपटातील येशूसंघीय फादर स्वतः चाकांच्या खुर्चीत आहे. रामोनला त्याच्या घरच्यांचे प्रेम पुरेसे मिळत नसावे, असे तो दूरदर्शनवर बोलून बसला आहे. रामोनला समजवायला तो येतो, पण अरुंद जिन्यावरून खुर्ची वर जात नाही. मग खालून वर, वरून खाली निरोप्याकरवी वाद चालतो, शेवटी ओरडून. प्रेक्षक हसतात. रामोनची वर्षानुवर्षे सेवा करणारी त्याची भावजय त्या फादरला जे ऐकविते, ते ऐकताना आम्ही मान खाली घातली. त्या फादरची शिकवण चूक नव्हती. ती जिन्याखालीच राहिली.

आम्हां धर्मगुरूंना हा जिना परिचित आहे.

मार्चमध्ये हाच प्रश्न पडद्यावरून उतरून जगाच्या पुढ्यात आला. अमेरिकेत टेरी शायव्हो या तरुण स्त्रीची अन्ननळी 18 मार्चला न्यायालयाच्या आदेशाने काढण्यात आली. 31 मार्चला ती मरण पावली. 27 मार्चच्या पुनरुत्थान रविवारी पोपमहोदयांनी आपल्या खिडकीतून बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द उमटेनात, आणि त्यांनी मूकपणेच आशीर्वाद दिला. 2 एप्रिलला ते प्रभूकडे गेले. लुळे, परावलंबी शरीर लपवायचे नसते, एवढे ते न बोलता दाखवून गेले.

मे महिन्यात आम्ही काही युवकांसह वैद्यकीय शिबिराच्या निमित्ताने पासलीला होतो. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे डोंगरातले गाव. पलीकडे मढे घाटाने कोकण उतरते. आजारी माणसाला मार्गासनी, नसरापूर असे करीत पुणे गाठायचे. संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून 'श्वास' दाखविला. डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेला परशुराम. त्याला कोकणातून शहरात आणणारे, अरुण नलावडे यांनी उभे केलेले आजोबा. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार हे डॉक्टरांचे सांगणे. आणि शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला जग दाखवून घ्यावे म्हणून आजोबांचे त्याला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होणे. पासलीकरांना यातले काही समजावून द्यावे लागले नाही.

चित्रपट संपल्यावर वाद रंगला. आजोबांनी डॉक्टरांना न सांगता पोर नेले हे बरोबर का, यावरून दोन तट पडले. मध्येच उठून गेलेल्या एक बाई परत येऊन शेवट काय झाला ते विचारू लागल्या. त्यांचा नवरा झाडावरून पडून चार वर्षे अंथरुणावर होता. त्याची कूस बदलायची वेळ झाली म्हणून त्या उठल्या होत्या. मुलगा आंधळा होऊन गावी परतला, होडीतून हात हलवत, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान डोलावली. "मग बरं झालं की," म्हणाल्या.

आमच्यातील एका युवकाने तेव्हा ऑस्कर जिंकलेल्या त्या मुष्टियोद्धा मुलीची कथा लोकांना सांगितली. ऐकून बाईंनी एकच विचारले, "तिची कूस बदलाया कुणी नव्हतं का?"

रुग्णालयात परिचारिका होत्या, असे तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, घरचे आले होते, पण कागदांवर सही घ्यायला. बाई काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार ठेंगणे, वाकून आत शिरावे लागले. त्यांच्या मालकांनी आम्ही कोण, कुठले, हे विचारले नाही. काल भिंतीवर काय दाखवलेत, तेवढे विचारले. बाई चुलीपाशी चहा करीत होत्या. आम्ही खाटेजवळ पोत्यावर बसलो आणि 'श्वास' पहिल्यापासून सांगू लागलो.