मायबोलीची पाटी

आफ्रिकेतील योरुबा भाषेला ग्रंथरूप देणारे सॅम्युएल अजायी क्राऊदर १८२१ साली बालवयात गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले. १८२२ साली त्यांची सुटका झाली. पुढे ते अँग्लिकन बिशप झाले. त्यांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले योरुबा बायबल १८८४ साली पूर्ण झाले.

तरीही नायजेरियातील योरुबा मुलांच्या शाळेत पहिल्या तीन इयत्तांनंतर इंग्रजीच माध्यम होई. १९७० साली इफे विद्यापीठातील प्रा. बाबातुंडे फाफुन्वा व सहकाऱ्यांनी काही वर्गांना सहाही वर्षे योरुबातून शिकविण्याचा प्रयोग आरंभिला. गणित-विज्ञानासाठी नवी परिभाषा व पुस्तके घडविली. इंग्रजी हा स्वतंत्र विषय ठेवून त्यासाठी खास शिक्षक नेमले. जुन्या पद्धतीच्या वर्गांच्या तुलनेत ही मुले मागे पडली नाहीत, इंग्रजीतही नाही.

फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्या वारशाचे आम्ही धनी. तरी लेकरांच्या भल्यासाठी म्हणून आम्ही त्यांच्या हातून मराठी पाटी काढून घेतो. इंग्रजी येण्यासाठी मायबोली सोडावी लागत नाही, हे इफेच्या मुलांनी दाखविले आहे. निदान सायंकाळच्या रोझरीनंतर शुभवर्तमानाचा एक उतारा मुलांकडून मराठीत वाचून घेणे आमच्या हाती आहे.