ध्वनी सर्व्हर (लिनक्स डेस्कटॉपवरील)

लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीत ब्राउझर, प्लेअर, ध्वनिसंपादक अशा निरनिराळ्या ॲप्लिकेशनांचा आवाज एकत्र मिसळून तो स्पीकरकडे, हेडफोनकडे किंवा दुसऱ्या ॲप्लिकेशनकडे वळवणारा, पडद्यामागे सतत चालू असणारा प्रोग्राम. साउंड कार्डाशी थेट व्यवहार कर्नेलमधील आल्सा करते. परंतु साध्या कार्डावर एका वेळी एकच आवाज जात असल्याने मिसळण्याची सोय वेगळी करावी लागली. आर्ट्स आणि ईएसडी हे आरंभीचे प्रयत्न मागे पडले.

लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ 2004 मध्ये पॉलिपऑडिओ या नावाने सुरू झाला आणि फेडोरा 8 (2007) व उबंटू 8.04 (2008) या लिनक्स वितरणांमुळे घरोघरी पोहोचला. सुरुवातीला आवाज तुटण्याच्या ज्या तक्रारी झाल्या, त्यांतील किती सर्व्हरमुळे व किती ड्रायव्हरांमुळे होत्या, याविषयी मतभेद आहेत.

पल्सऑडिओच्या रचनेत आवाज जेथे जातो त्या स्थानास ‘सिंक’ आणि जेथून येतो त्यास ‘सोर्स’ म्हणतात. प्रत्येक सिंकला ‘मॉनिटर’ नावाचा सोर्स जोडलेला असतो व त्या सिंकवर वाजणारे सर्व काही त्यातून जसेच्या तसे घेता येते. उदाहरणार्थ, मेळघाटातील सेमाडोहच्या रानातील रानपिंगळा या पक्ष्याची साद फायरफॉक्समध्ये वाजत असताना तिचा वर्णपट ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात पाहायचा असल्यास, पावूकंट्रोल या पल्सऑडिओच्या आवाज-नियंत्रकाच्या मुद्रण-विभागात ऑडॅसिटीपुढे मॉनिटर निवडावा लागतो. मात्र मुद्रण चालू केल्याखेरीज ऑडॅसिटीचे नाव त्या यादीत दिसतच नाही, आणि नवखा वापरकर्ता नेमका येथेच अडतो. मॉनिटर सिंकवरील सर्वच आवाज घेत असल्याने मध्येच आलेली सूचनेची टिंगही मुद्रित होते; ती टाळण्यासाठी कोणत्याही कार्डाशी न जोडलेला रिकामा सिंक तयार करून केवळ फायरफॉक्स त्याकडे वळवतात.

ओर्का या पडदावाचकाचा ईस्पीक या वाक्संश्लेषकाद्वारे येणारा मराठी आवाजही स्वतंत्र प्रवाह असतो. त्यामुळे अंध वापरकर्त्यास वाचन हेडफोनवर आणि गाणे स्पीकरवर ठेवता येते. ही सोय प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल.

संगीतमुद्रणासाठी मात्र पॉल डेव्हिस यांचा, अत्यल्प विलंबाचा जॅक हा वेगळा सर्व्हर आहे.

विम टायमन्स यांचा पाइपवायर मूळचा दृश्यप्रवाहांसाठी लिहिला गेला. एप्रिल 2021 मधील फेडोरा 34 पासून त्याने पल्सऑडिओची जागा घेतली. तो पल्सऑडिओ व जॅक या दोहोंसाठी लिहिलेली ॲप्लिकेशने चालवतो, म्हणून पावूकंट्रोल आजही तसेच वापरता येते.