डॅशबोर्डवर कालचाच आकडा का दिसतो? डेटा गेटवेची तब्येत अशी तपासतात

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमुळे कोल्हापूरचं नाव ओतकामात देशभर आहे. फाउंड्रीत आज किती टन धातू वितळला, किती कास्टिंग निघाली आणि त्यातली किती रिजेक्ट झाली, याची नोंद अनेकदा कारखान्यातल्याच एखाद्या सर्व्हरवर असते. कुठे एसक्यूएल सर्व्हर, कुठे टॅली, तर कुठे नुसत्या एक्सेलच्या फाइली. मालकाला मात्र हेच आकडे मोबाइलवर हवे असतात, पॉवर बीआयसारख्या क्लाउडवरच्या डॅशबोर्डमध्ये. मधलं अंतर जोडणाऱ्या प्रोग्रॅमला ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे म्हणतात.

गेटवे करतो काय?

कारखान्याचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणं धोक्याचं असतं. म्हणून गेटवे बाहेरच्या कोणाला आत घेत नाही. तो आतल्याच एका विंडोज मशीनवर सर्व्हिस म्हणून चालतो आणि स्वतःहून बाहेर जोडणी करून ठेवतो. क्लाउडला आकडे हवे झाले की मागणी त्या जोडणीवरून येते. गेटवे ती उचलतो, आतल्या डेटाबेसला विचारतो आणि उत्तर बाहेर पोचवतो. थोडक्यात, फाटकाबाहेरचा माणूस आत येत नाही. आतलाच माणूस चिठ्ठी घेऊन गोदामात जातो आणि माल बाहेर आणून देतो.

हा माणूस दमला, तर माल उशिरा येतो. तो चालेनासाच झाला, तरी डॅशबोर्ड बंद पडत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. इम्पोर्ट पद्धतीने बनवलेला रिपोर्ट आधी साठवलेले आकडे दाखवत राहतो. रंगीत आलेख तसाच, बटणं तशीच, फक्त माहिती शिळी. ठरलेल्या वेळचं रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फसलं, तर पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करतं. सूचनेचा ईमेल जातो, पण तो सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर जात असेल तर उपयोग शून्य. मग रिजेक्शन कमी झालं असं समजून पुढच्या पाळीचं नियोजन होतं, आणि प्रत्यक्षात तो आकडा मंगळवारचा असतो.

नोंदी गेटवे स्वतःच ठेवतो

गेटवेच्या आजच्या आवृत्त्यांमध्ये कामगिरीच्या नोंदी आपोआप लिहिल्या जातात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये, 'रिपोर्ट' नावाच्या फोल्डरमध्ये जमा होतात. त्या चार प्रकारच्या असतात. क्वेरी कधी सुरू झाली याची एक, प्रत्येक क्वेरीला किती वेळ लागला याची दुसरी, ठरावीक काळातल्या क्वेरींची बेरीज-सरासरी ही तिसरी, आणि मशीनचा प्रोसेसर व मेमरी किती वापरली गेली याची चौथी. सरासरीचा हा काळ मूळ सेटिंगमध्ये 5 मिनिटांचा असतो. कॉन्फिग फाइलमध्ये तो बदलता येतो, पण बदल लागू व्हायला गेटवेची सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते. मायक्रोसॉफ्ट या नोंदी वाचण्यासाठी पॉवर बीआयचा तयार साचाही मोफत देतं.

वाचताना पहिला घोटाळा वेळेचा होतो. नोंदींमधली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. सकाळी 7:30 चं रिफ्रेश तिथे मध्यरात्रीनंतर 2 वाजता झालेलं दिसतं. हे ध्यानात नसेल तर रात्री कोण काम करत होतं याचा शोध सुरू होतो.

खरा उपयोग आहे तो दुसऱ्या प्रकारच्या नोंदीचा, कारण लागलेल्या वेळेचे त्यात तुकडे पाडलेले असतात. डेटा वाचायला लागलेला वेळ मोठा असेल, तर दोष बहुधा गेटवेचा नसतो. डेटाबेसच सावकाश उत्तर देतोय. टेबलावर इंडेक्स नसेल, किंवा त्याच वेळी हिशेब विभागाने महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट लावला असेल. तात्पुरता डेटा डिस्कवर लिहायला आणि परत वाचायला वेळ जात असेल, तर डिस्क जुनी आहे किंवा अँटीव्हायरस त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल तपासत बसलाय. गेटवे उत्तर पुढे पाठवण्याआधी ते डिस्कवर साठवतो, म्हणून इथे एसएसडी असण्याची शिफारस आहे.

प्रोसेसर आणि मेमरीच्या नोंदीत 'मॅशअप' असा वेगळा रकाना असतो. पॉवर क्वेरीतली जोडणी, गाळणी, बेरीज करणारं इंजिन म्हणजे मॅशअप. हा आकडा चढा असेल, तर जे काम डेटाबेसने करायला हवं ते गेटवेच्या माथी मारलं आहे. दहा वर्षांचा अख्खा टेबल ओढून आणायचा आणि त्यातून चालू महिना निवडायचा, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. अशा वेळी नवीन मशीन घेण्यापेक्षा क्वेरी सुधारणं स्वस्त पडतं. सरासरीवर फार विसंबू नये, हेही इथेच लक्षात येतं. दिवसभराची सरासरी 30 टक्के दिसत असली, तरी सकाळच्या त्या दहा मिनिटांत प्रोसेसर 100 टक्क्यांवर अडकलेला असू शकतो. कमाल आकड्याचा रकाना त्यासाठीच दिलेला असतो.

या नोंदींमध्ये क्वेरीचा पूर्ण मजकूरही असतो, म्हणजे टेबलांची नावं, अटी, कधीकधी ग्राहकांची नावंसुद्धा. मदत मागताना ती फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा चांगला विचार नाही.

मशीन कोणतं आणि कुठे?

मायक्रोसॉफ्टची शिफारस 8 कोअरचा प्रोसेसर आणि 8 जीबी मेमरीची आहे. लॅपटॉप नको, वायफाय नको, आणि झोपी जाणारं मशीन तर नकोच. ऑफिसात कोणाच्या तरी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर गेटवे बसवला, की तो माणूस संध्याकाळी दिवा-पंख्याबरोबर तोही बंद करून घरी जातो.

अंतराचाही परिणाम होतो. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' हे क्लाउड क्षेत्र पुण्यात आहे, म्हणजे कोल्हापूरपासून महामार्गावर काही तासांवर. पण कंपनीचं पॉवर बीआय खातं सुरुवातीला दुसऱ्या देशातल्या क्षेत्रात उघडलं गेलं असेल, तर आकडे तिथवर जाऊन परत येतात. ज्या रिपोर्टमध्ये प्रत्येक क्लिकला थेट डेटाबेसला विचारलं जातं, त्या डायरेक्ट क्वेरी पद्धतीत हा उशीर जास्त टोचतो. असे रिपोर्ट आणि सकाळचं अवजड रिफ्रेश एकाच गेटवेवर असतील, तर एकाच्या कामात दुसरा रखडतो. दोन्हींना वेगळे गेटवे देणं बरं.

एकापेक्षा जास्त गेटवे जोडून क्लस्टरही करता येतो. एक बंद पडला, की दुसरा काम उचलतो. कोल्हापूरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरामुळे पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. अशा वेळी कारखान्यातलं मशीन बंद पडलं, तर ते नुसतं सुरू करायलाही कोणी पोचू शकत नाही. मात्र क्लस्टरमधली दोन्ही मशीन एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर असतील तर क्लस्टर असून नसल्यासारखाच.

मशीन कायमचं गेलं, तर गेटवे दुसऱ्या मशीनवर पुन्हा उभा करता येतो. त्यासाठी बसवताना ठरवलेली रिकव्हरी की लागते. ती हरवली तर मायक्रोसॉफ्टही परत देऊ शकत नाही, आणि सगळ्या जोडण्या नव्याने कराव्या लागतात. त्यामुळे ती त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये ठेवू नये.