चोर, साव आणि कुलूप

२००४ सालच्या दिवाळीतली गोष्ट. परभणीला स्टेशन रोडवर माझा कॉम्प्युटर क्लास होता. मुलगा तेव्हा सातवीत. सहा महिने त्याचा एकच धोशा चालला होता : मोटारींच्या शर्यतीचा अमुक गेम हवा. क्लासमागच्या गल्लीत तो चाळीस रुपयांना मिळायचा. पांढरी सीडी आणि तिच्यावर स्केचपेनने लिहिलेलं नाव. पण मुलाच्या हातात चोरीची वस्तू कशाला द्यायची, असा विचार करून मी पुण्याहून ओरिजिनल सीडी आणली. किंमत नऊशे नव्व्याण्णव रुपये. क्लासमधल्या एका विद्यार्थ्याची महिन्याची फीदेखील तेवढी नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोठ्या हौसेने खोकं उघडलं. गेम कॉम्प्युटरवर चढवला, सुरू केला आणि पडद्यावर चौकट आली : मूळ सीडी ड्राइव्हमध्ये घाला. मूळ सीडी ड्राइव्हमध्येच होती. काढून पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तीच चौकट. नक्कल ओळखता यावी म्हणून त्या सीडीवर काही खुणा मुद्दाम करून ठेवल्या होत्या आणि त्या आमच्या ड्राइव्हला वाचता येत नव्हत्या. शेजारच्या घरात चाळीस रुपयांची सीडी मात्र झकास चालली होती. तिने कुणाला काही विचारलंच नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्याला दुकानदाराने फसवलं का?"

दुकानदाराचा काही दोष नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा तो प्रकार होता. मात्र खरं सांगायचं तर मीही काही संन्यासी नव्हतो. माझ्या क्लासमधल्या दहाही कॉम्प्युटरवर सगळं नकलेचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा साव झालो आणि पहिल्यांदाच कुलूप आडवं आलं. तेव्हापासून या कुलपांचा इतिहास जमेल तसा वाचत आलो. तोच आज थोडक्यात सांगतो.

सुरुवातीला कुलूप नव्हतं, फक्त विनंती होती. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना एक खुलं पत्र लिहिलं. आम्ही खपून प्रोग्रॅम तयार करतो आणि तुम्ही तो फुकट नकलून घेता, हे बरं नव्हे, असा त्याचा सूर होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पत्राने कुणी सुधारलं नाही, तेव्हा कंपन्या कुलपांकडे वळल्या.

१९८५ साली ब्रिटनमध्ये 'एलिट' नावाचा अवकाशातला गेम स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरसाठी आला. त्याच्या खोक्यात प्लॅस्टिकची एक घडीची भिंगपट्टी होती. पडद्यावर विस्कटलेली अक्षरं दिसायची. पट्टी पडद्याला लावून त्यातून ती वाचायची आणि टाइप करायची. हा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचा असे. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला की अक्षरं जुळेनात. काही खोक्यांत तर दुसऱ्याच गेमची पट्टी गेली. पैसे मोजणारा डोळा बारीक करून बसला आणि नकलणाऱ्यांनी ती तपासणीच काढून टाकली.

मग आली पुस्तिकेची युक्ती. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो? १९८९ सालचा जॉर्डन मेकनर यांचा हा गेम. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलेल्या एका अख्ख्या पिढीचा हात त्यावरच बसला. त्यात पहिला टप्पा ओलांडला की बाटल्यांची एक खोली लागायची. प्रत्येक बाटलीशी एक अक्षर. सोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्याच अक्षराची बाटली प्यायची. चुकीच्या बाटलीत विष. आमच्या क्लासमधल्या प्रतीत ही खोलीच नव्हती. अशी खोली असते, हे मला कित्येक वर्षांनी कळलं! ज्याने गेम विकत घेतला आणि ज्याची पुस्तिका पावसात भिजली, त्याचा राजपुत्र मात्र पहिल्याच टप्प्यावर अडला.

आपल्या मराठी जगालाही या कुलपाचा अनुभव आहे. मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांना आठवत असेल. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या जागेवर बोटभर लांबीचा एक ठोकळा लावायचा. त्याला सगळे 'लॉक' म्हणत. तो असला तरच मराठी अक्षरं उमटायची. ऐन लग्नसराईत तो ठोकळा बिघडला, की ज्याने रीतसर पावती फाडून सॉफ्टवेअर घेतलं होतं त्याच्याच पत्रिका अडायच्या. ज्याच्याकडे तोडलेली प्रत असे, त्याला ठोकळ्याची गरजच नसे.

सीडी आल्यावर कुलूप कॉम्प्युटरच्या आत शिरलं. १९९८ पासून सेफडिस्क, पुढे सिक्युरॉम, स्टारफोर्स अशी नावं आली. सीडी खरी की खोटी हे तपासण्यासाठी त्यांतली काही न विचारता आपला पहारेकरी विंडोजच्या पोटात बसवत. स्टारफोर्समुळे कॉम्प्युटर बिघडतात अशी ओरड वाढली आणि २००६ मध्ये युबीसॉफ्ट या मोठ्या कंपनीने ते वापरणं सोडलं. त्याआधी २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींनी ग्राहकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारा प्रोग्रॅम घातल्याचं उघडकीला आलं आणि त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. पुढे २०१५ साली विंडोज १० आली. तिने असले पहारेकरी सुरक्षेला धोक्याचे म्हणून चालवायचंच नाकारलं. त्यामुळे ज्यांनी जुन्या ओरिजिनल सीडी जिवापाड जपल्या होत्या, त्यांच्याकडचे कितीतरी गेम आहेत तसे चालेनासे झाले. कुलूप लावणारा निघून गेला आणि कुलूप दाराला तसंच राहिलं.

त्यानंतर कुलपाची चावी कंपनीने स्वतःकडे ठेवली. २००८ मध्ये 'स्पोअर' हा गेम आला. तो इंटरनेटवरून कंपनीला कळवून फक्त तीन वेळा सुरू करून घेता येई. कॉम्प्युटर बदलला, बिघडला, की एक संधी गेली. चिडलेल्या ग्राहकांच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा तिनाचे पाच केले. आणि त्या वर्षी सर्वांत जास्त चोरल्या गेलेल्या गेममध्ये याच 'स्पोअर'चं नाव होतं. मार्च २०१० मध्ये युबीसॉफ्टने आणखी पुढचं पाऊल टाकलं. गेम एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट सतत जोडलेलं हवं. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेल्या लोकांचे गेम बंद पडले.

तेव्हाची परभणी डोळ्यांसमोर आणा. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून आम्ही क्लासच्या तुकड्या लावत होतो. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर कसाबसा चालायचा, पण फोनची लाइन कधी जाईल याचा भरवसा नसे. परदेशातल्या कार्यालयात बसून हा नियम करणाऱ्याच्या हिशेबात असलं गाव नव्हतंच. मोठ्या शहरात ज्याला अडचण म्हणतात, ती आमच्याकडे बंदी झाली. आणि मुलं काय करणार? ती चाळीस रुपयांच्या सीडीकडे गेली. पैसे वाचवायला गेली, हे खरंच आहे. पण ती सीडी चालत होती, हेही खरं आहे.

पुढची उदाहरणं भराभर सांगतो. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला. कंपनीच्या सर्व्हरला गर्दी पेलली नाही आणि विकत घेणारे दाराबाहेर ताटकळले. एका वर्षाने तोच गेम इंटरनेटशिवाय चालू लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेन्युव्हो या प्रसिद्ध कुलूपवाल्यांच्या एका इंटरनेट पत्त्याची मुदत संपली, ती वाढवायची राहिली, आणि काही गेम काही तास सुरूच होईनात. ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या २०१४ च्या गेमचे सर्व्हर कायमचे बंद झाले. पैसे देऊन घेतलेला गेम घरात असूनही संपला. त्यातून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला : डिजिटल वस्तू विकताना ती केवळ वापरायचा परवाना असेल, तर तसं स्पष्ट सांगा; नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. चोरी होते आणि तिने नुकसान होतं. डेन्युव्होच्या गेमवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की गेम बाजारात येताच कुलूप तुटलं तर उत्पन्न सुमारे वीस टक्क्यांनी घटतं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की बारा आठवड्यांनंतर तुटलं तर जवळपास काहीच फरक पडत नाही. म्हणजे कुलपाचा उपयोग तीन महिन्यांचा आणि ग्राहकाचा जाच मात्र जन्माचा.

दुसरा रस्ताही आहे. पोलंडमध्ये नव्वदच्या दशकात आपल्यासारखाच नकलेचा बाजार होता. सीडी प्रोजेक्ट या तिथल्या कंपनीने १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला आणि खोक्यात नकाशा, पुस्तिका, गाण्यांची सीडी घातली. फुटपाथवरच्या सीडीत जे मिळत नव्हतं ते दिलं. याच कंपनीचा २०१५ चा 'विचर ३' कुलपाशिवाय विकला गेला आणि त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या.

आपण कापूस पिकवणारी माणसं. आपल्याला हा प्रश्न बियाण्यातून लवकर कळेल. १९९८ मध्ये अमेरिकेत एका तंत्राला पेटंट मिळालं. त्या बियाण्याच्या पिकाचं बी पुन्हा उगवणारच नाही, अशी त्यात सोय होती. लोकांनी त्याला 'टर्मिनेटर' नाव दिलं. तेही कुलूपच. आपल्या देशाने २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यात वाण शोधणाऱ्याचा हक्क राखला, पण शेतकऱ्याने बी राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, हा हक्कही राखला आणि टर्मिनेटरसारख्या वाणांच्या नोंदणीला बंदी घातली. कसणाऱ्याचं आणि शोधणाऱ्याचं, दोघांचं भलं एका कायद्यात पाहता येतं, हे आपण करून दाखवलं आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठरली. पण कुलपामुळे विकत घेतलेली वस्तूच बंद पडली, तर घेणाऱ्याने काय करायचं, याचं उत्तर त्या कलमात नाही.

माझा मुलगा आता पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घर आवरताना ती जुनी सीडी सापडली. त्याने ती पुसली, लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला आणि घातली. चालली नाही. मग कुठल्याशा अनोळखी माणसाने तयार केलेली छोटी फाईल त्याने इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि वीस वर्षांनी गेम सुरू झाला. आम्ही दोघे रात्री बारापर्यंत खेळलो. माझे नऊशे नव्व्याण्णव रुपये शेवटी कुलूप तोडणाऱ्याने वसूल करून दिले, याचं मला अजून वाईट वाटतं. ती फाईल कंपनीने द्यायला हवी होती.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)