विजयी संघाचा ऱ्हास

राज्यें कां बुडतात, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाहीं. संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांतील पिशोर हें आमचें गांव. येथून फारसा दूर नसलेला देवगिरीचा किल्ला लहानपणापासून आम्हांस हाच प्रश्न घालीत आला आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, त्या वेळीं यादवांचें राज्य वैभवांत होतें. पुढें पंचवीस वर्षांच्या आंत तें लयास गेलें. ग्रंथकार ह्या घटनेस आकस्मिक म्हणतात. आम्हीही वर्गांत वर्षानुवर्षें तोच शब्द उच्चारीत आलों, आणि दर खेपेस तो शब्द आमच्याच मनास थोडा टोंचत आला. जें आकस्मिक दिसतें, तें खरोखर आकस्मिक असतें काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हाच प्रश्न आमच्यापुढें निराळ्या वेषानें उभा राहिला. गांवाबाहेरच्या मोकळ्या रानांत सायंकाळीं कांहीं मुलें फुटबॉल खेळत होतीं. क्रिकेटच्या ह्या मुलखांत तें दृश्य आम्हांस नवें वाटलें, म्हणून आम्ही क्षणभर थांबलों. त्यांपैकीं आमच्या नात्यांतला एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "काका, गोव्याच्या धेंपो संघानें पांच वेळां देशाचें विजेतेपद मिळविलें, आणि शेवटच्या विजयानंतर तीनच वर्षांत तो खालच्या श्रेणींत गेला. असें कसें झालें? तुम्ही इतिहास शिकवितां, तर सांगा पाहूं." आम्हांस तेथल्या तेथें उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर होय.

चेंडूमागें धांवणारे अकरा जण हा इतिहासाचा विषय व्हावा, हें वाचकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु राज्याचा ऱ्हास शतकांनीं मोजावा लागतो, आणि त्याचे कागद बहुधा विजेत्याच्या हातचे असतात. संघाचा उदय आणि अस्त मात्र दहा-पंधरा वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत होतो. इतिहासकाराला प्रयोगशाळा नसते, अशी आमच्या शास्त्रज्ञ मित्रांची नेहमींची कुरकूर असते. तिला उत्तर द्यावयाचें झाल्यास खेळांच्या संघांकडे बोट दाखवितां येईल.

प्रथम आमच्याच मुलखाशीं नातें असलेला एक जुना दाखला घेऊं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानींतील शहर पोलिसांच्या संघानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे गुरु. मूळ पेशा शाळामास्तराचा. ह्याच गृहस्थांच्या हाताखालीं भारतानें १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक गांठला. १९६३ च्या जून महिन्यांत रहीम वारले. पोलिस खातें होतें तेथेंच राहिलें, पगार चालूच राहिले, मैदानेंही कोणीं उचलून नेलीं नाहींत. तरी पुढील काळांत हैदराबादचें नांव मोठ्या स्पर्धांतून हळूहळू विरळ होत गेलें. चेंडू कसा मारावा हें पुष्कळांस ठाऊक होतें. पोरांतून खेळाडू कसा घडवावा हें ज्यास ठाऊक होतें तो गेला होता. हा ऱ्हासाचा एक प्रकार झाला: विद्या एका माणसांत सांठते, आणि त्या माणसाबरोबर जाते. आमच्या नाटकमंडळ्यांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे, त्यांस ह्याचीं उदाहरणें सांगावयास नकोत.

आतां गोव्याकडे वळूं. तेथें पोर्तुगीज अमलापासून हा खेळ गांवोगांवीं रुजलेला. लोहखनिजाच्या व्यापारांत पुढें आलेल्या घराण्यांनीं त्यास आश्रय दिला. साळगावकरांचा संघ १९५६ चा, धेंपोंचा १९६८ चा. देशाची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९९६ सालीं सुरू झाली आणि २००७ पासून ती 'आय-लीग' ह्या नांवानें धंदेवाईक स्वरूपांत चालूं लागली. तींत धेंपोनें २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशीं पांच विजेतेपदें पटकाविलीं. २००८ सालीं आशियाई महासंघाच्या चषकांत त्यानें उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. आठ हंगामांत पांच वेळां पहिलें येणें हा दैवाचा खेळ नव्हे. तें राज्यच होय. आणि १९१५ नव्हे, २०१५ च्या मे महिन्यांत, म्हणजे आपणां सर्वांच्या देखत, हा संघ खालच्या श्रेणींत उतरला.

ह्याचें सर्वांच्या तोंडीं असलेलें कारण म्हणजे खाणबंदी. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत प्रथम राज्य सरकारनें आणि मागोमाग सर्वोच्च न्यायालयानें गोव्यांतील खाणी थांबविल्या. पैसा आटला, म्हणून संघ आटले, असें म्हणतात. कारण सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच तें तपासून घ्यावयास हवें. धेंपो घराण्यानें आपला खाणधंदा २००९ सालींच सेसा गोवा कंपनीस विकून टाकला होता. त्यानंतर संघानें दोन विजेतेपदें मिळविलीं. खाणीचा आणि संघाचा श्वास एकच असता, तर हीं दोन विजेतेपदें मिळतींना. गोव्याच्या एकंदर व्यवहारास खाणबंदीची झळ लागली, हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु ह्या संघाच्या पतनाचें मूळ तेथें नाहीं.

मग तें कोठें आहे? आमच्या मतें पहिली भेग विजयाच्याच वर्षीं पडली होती. धेंपोचा उत्कर्ष हें मुख्यतः आर्मांदो कुलासो ह्या एका प्रशिक्षकाचें सुमारें तेरा वर्षांचें काम. त्यांच्याभोंवतीं क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा अशी एक पिढी जमली, बरोबर वाढली, आणि बरोबरच वयस्क झाली. पुढच्या फळींत नायजेरियाचे रँटी मार्टिन्स. २०११-१२ च्या हंगामांत ह्या एकट्यानें ३२ गोल केले. जो संघ जिंकत असतो, तो बदलावा असें कोणासच वाटत नाहीं. प्रेक्षकांस ओळखीचे चेहरे हवे असतात, मालकांस चषक हवा असतो, आणि तरण्या खेळाडूस 'थोडा थांब' म्हणणें सर्वांत सोपें असतें. विजय हा नूतनीकरणाचा शत्रु आहे, तो असा. २०१२ मध्यें मार्टिन्स कलकत्त्याच्या संघाकडे गेले. २०१३ मध्यें कुलासो गेले. परदेशांतून प्रशिक्षक आणिले गेले. पण तेरा वर्षांची घडण करारपत्रावर सही करून विकत घेतां येत नाहीं. येथवर ही हैदराबादचीच कथा झाली.

आणि ही कथा एकट्या धेंपोची नव्हे. गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स हा संघ २०१२-१३ मध्यें देशांत पहिला आला. पुढच्याच हंगामांत, २०१४ च्या जानेवारींत, त्यानें फेडरेशन चषक जिंकला, आणि तोच हंगाम संपतां संपतां तो साखळी स्पर्धेंत खालच्या श्रेणींत फेंकला गेला. एकाच संघाच्या हातांत एकाच वर्षीं चषक आणि नारळ! चार-पांच सामन्यांची चषकस्पर्धा जुन्या पुण्याईवर जिंकतां येते. अनेक महिने चालणारी साखळी मात्र घरांतलें दारिद्र्य उघडें पाडते.

परंतु आमचें खरें म्हणणें पुढेंच आहे. धेंपोचा ऱ्हास इतकाच असता, तर त्यास ऱ्हास म्हणण्याचें कारण नव्हतें. कां कीं, २०१५ सालीं खालीं गेलेला हाच संघ २०१६ सालीं दुसऱ्या श्रेणींत पहिला आला, आणि वरच्या श्रेणींत परतण्याचा हक्क त्यानें मैदानावर मिळविला. म्हणजे खेळांतील दुखणें एका वर्षांत बरें झालें. आणि बरा झालेला हा रोगी त्याच वर्षीं अंथरुणावरून उठून घर सोडून गेला! साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा ह्या दोन संघांप्रमाणें धेंपोनेंही आय-लीगमधून अंग काढून घेतलें. हें पराभवानें घडलें नाहीं; हें विजयानंतर घडलें. ह्या एका गोष्टीचा उलगडा केल्यावांचून प्रश्न सुटत नाहीं.

उलगडा असा आहे. २०१४ च्या ऑक्टोबरांत 'इंडियन सुपर लीग' ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिच्यामागें मोठें भांडवल, चित्रवाणीचा झगमगाट आणि परदेशचे नामांकित खेळाडू होते. जुन्या संघांचा हंगाम आंखडून जानेवारीवर ढकलला गेला, आणि त्यांचे खेळाडू हंगामाचा पूर्वार्ध नव्या संघांकडे उसनवारीवर खेळूं लागले. गोव्यासाठीं 'एफ. सी. गोवा' हा संघ निघाला. त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ह्याच घराण्यांतील मंडळी होती, हें ध्यानांत घ्यावें. २०१५ च्या मे महिन्यांत धेंपो खालीं गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फातोर्ड्याच्या मैदानावर एफ. सी. गोवा अंतिम सामना खेळत होता. तो सामना चेन्नईच्या संघानें ३-२ असा जिंकला. पण गोव्यांतील फुटबॉल मेला होता असें त्या सायंकाळीं तेथें बसलेल्या कोणासही वाटलें नसेल. पुढें २०१६ सालीं, नवी स्पर्धा हीच देशांतील सर्वश्रेष्ठ धरावी आणि आय-लीग तिच्या खालीं बसवावी, अशी योजना अखिल भारतीय महासंघानें मांडली. ज्या शिडीची वरची पायरीच काढून घेतली जाणार, ती चढावयाची कशास? गोव्याच्या संघांनीं हा प्रश्न विचारला आणि ते शिडीवरून उतरले.

तेव्हां ऱ्हास दोन प्रकारचे मानावे लागतात. एक कौशल्याचा आणि दुसरा प्रयोजनाचा. पहिला डोळ्यांस दिसतो. त्याचे आंकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि नवे खेळाडू, नवा गुरु, थोडी चिकाटी ह्यांनीं तो भरून निघतो. दुसरा आंकड्यांत दिसत नाहीं. संघ उत्तम खेळत असतांही आपण कोणासाठीं खेळतों, ह्याचें उत्तर त्याच्या हातून निसटूं शकतें. धंदेवाईक संघाच्या बाबतींत हा धोका विशेष आहे. कारण त्याचें प्रयोजन ठरविण्याचा अधिकार मालकाच्या आणि महासंघाच्या हातीं असतो, ज्या लोकांनीं त्यावर जीव लाविला त्यांच्या हातीं नसतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० सालीं तो मालकांनीं बंद केला. त्यास कोणीं हरविलें नव्हतें. मालकांनीं अन्याय केला, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांनीं दशकानुदशकें पदरमोड केली, त्यांस थांबण्याचाही हक्क आहे. पण जी संस्था एका घराच्या औदार्यावर उभी असते, तिनें त्या औदार्याच्या काळांतच आपल्या पायांवर उभें राहण्याची तयारी केली पाहिजे. ग्रंथालयें, व्यायामशाळा, मासिकें, शिक्षणसंस्था ह्या सर्वांस हाच नियम लागू आहे, हें ह्या पानांच्या वाचकांस वेगळें सांगणें नको.

लेख लिहीत असतां आमच्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याजवळ आम्हीं हा विषय काढला. फुटबॉल त्यांनीं कधीं पाहिलेला नाहीं. ते आपल्या विहिरीविषयीं बोलले. "एका उन्हाळ्यांत आटली असें लोक म्हणतात," ते म्हणाले. "पण पाणी दरसाल हातभर खालीं जात होतें. मोट-पंप चालतोय म्हणून आम्हीं कधीं वाकून बघितलें नाहीं. आणि मग शेजारीं खोल बोअर पडलें." चार वाक्यांत त्यांनीं जें सांगितलें, त्यासाठीं आम्हांस इतके रकाने खर्चावे लागले. वाकून न पाहणें हा पहिला ऱ्हास, आणि शेजारचें बोअर हा दुसरा. पाणी नाहींसें होत नाहीं, तें दुसरीकडे जातें. पण जुन्या विहिरीवर ज्यांची तहान भागत होती, त्यांस त्या शास्त्रीय सत्याचा काय उपयोग?

आमच्या तरुण नातलगास आम्हीं हें सर्व कळविलें. त्याचें उत्तर आलें तें असें: "काका, २०२४ सालीं धेंपो दुसऱ्या श्रेणींतून पुन्हां आय-लीगमध्यें आला आहे. हें तुमच्या सिद्धांतांत कोठें बसतें?" प्रश्न रास्त आहे. आठ वर्षें बाहेर राहून, आतां जी स्पर्धा पहिल्या क्रमांकाची राहिलेली नाहीं, तींत हा संघ परतला. म्हणजे सर्वोच्च पद हेंच त्याचें एकमेव प्रयोजन नव्हतें, खेळत राहणें हेंही होतें, असें मानण्यास जागा आहे. तसें असेल तर 'ऱ्हास' हा आमच्या लेखाच्या मथळ्यांतील शब्द आम्हांस एखादे दिवशीं मागें घ्यावा लागेल. तो मागें घेतांना आम्हांस दुःख होणार नाहीं.